बैलाच्या चालीनं पोहरादेवी

आमच्या घाटंजीकडे मोकळ्या हातानं रस्त्यानं चाललेला माणूस दोनच प्रकारचा असतो. एक तर त्याची एसटी चुकलेली असते, नाहीतर घरी भांडण झालेलं असतं. तिसरा प्रकार आमच्या लोकांना ठाऊक नाही. त्यामुळे असा माणूस दिसला की मागून येणारा मोटरसायकलवाला थांबतोच. आधी बसा म्हणतो, कुठं जायचं ते मागून विचारतो. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं, आणि दोनदा नाही म्हटलं तर तो घरी जाऊन सांगतो की अमक्याचं आपल्यावर काहीतरी बिनसलं आहे.

हे आधी सांगून ठेवतो, कारण हरिसिंग राठोडाच्या पायदळ यात्रेची सगळी गोष्ट याच खोडीपायी घडली.

हरिसिंग माझा शाळासोबती. त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा आणि आमचं गाव यांच्यामध्ये एक नाला आहे, उन्हाळ्यात तो असतो हे सांगावं लागतं. शाळा आमच्या गावात. तांड्यापासून शाळा म्हणजे मोठ्या माणसाची एक बिडी संपेल एवढी वाट, पण हरिसिंग ती कधी चालला नाही. नाल्याच्या काठी दप्तर घेऊन उभा राहायचा आणि येईल त्या बैलगाडीवर मागून चढायचा. एकदा असाच कापसाच्या गाडीवर चढला आणि त्या मऊ कापसात झोपून गेला. जाग आली तेव्हा घाटंजीचा बाजार. संध्याकाळी त्याच गाडीनं परत आला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं तर म्हणाला, गाडी शाळेपाशी थांबलीच नाही. गुरुजींनी मारायला उचललेली छडी हसू आवरेना म्हणून खाली ठेवली.

पुढं मोठा झाला, पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, सकाळपासून अंधार पडेपर्यंत बैलांच्या डवऱ्यामागं चालायचा. पण ते त्याच्या लेखी चालणं नव्हतं, ते काम होतं. तासाच्या टोकाला बैल वळले की हा वळणार, बैल थांबले की हा थांबणार. बिनबैलाचं, बिनकामाचं, नुसतं एका गावाहून दुसऱ्या गावाला पायानं जायचं, ही गोष्ट त्याला कधी पटलीच नाही.

दर रामनवमीला तांडा पोहरादेवीला पायदळ जातो. सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा पुढं, बाया-माणसं मागं, आर्णी आणि दिग्रसवरून चार मुक्कामांची वाट. हरिसिंगही दरवर्षी जायचा. टेम्पोत. स्वयंपाकाची भांडी, तांदळाचे कट्टे म्हणजे पोती आणि पाण्याच्या टाक्या टेम्पोत असतात, त्यांच्यावर कुणीतरी बसावं लागतं, आणि ते काम याच्याइतकं मन लावून कुणी केलं नाही. तांड्यातल्या बाया त्याला भांड्यांचा नाईक म्हणत. तो रागवायचा नाही. कट्ट्यावर मांडी घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करत जायचा.

त्याची बायको सुखीबाई मात्र झेंड्याच्या मागोमाग, पहिल्या रांगेत. उंच बाई, पायात चांदीचे जाड कडे, चालू लागली की पोरंसोरं मागं पडत. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या वावरातली विहीर आणखी खोल करायला घेतली आणि खाली नुसता काळा खडक लागला. खोदणारे हात झटकून वर आले तेव्हा सुखीबाईनं विहिरीच्या काठावर उभं राहून नवस बोलला, की पाणी लागलं तर पाच रामनवम्या पायदळ येईन. पाणी लागलं. चार रामनवम्या ती चाललीही. आणि गेल्या दसऱ्याला त्याच विहिरीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवरून घसरून तिचा खुबा मोडला. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की अंगणात वॉकर घेऊन चाला, पोहरादेवीचं नाव पुढच्या वर्षीपर्यंत काढू नका.

नवसाला पुढचं वर्ष चालत नाही. लागोपाठच्या पाच बोललेल्या. मग तांड्यातल्या जुन्या जाणत्या बसंतीबाईला विचारलं. बसंतीबाईचा शब्द तांड्यात कोर्टासारखा. तिनं विचार करून निकाल दिला, "विहीर दोघाईची आहे ना? मंग पाय कोनाचे का असेनात." मुलगा शाम टेम्पो चालवतो, त्याचं नाव निघालं, तर बसंतीबाई म्हणाली की पोराचं पुण्य पोराच्या नावावर जाते, विहीर अजून म्हाताऱ्याच्या नावावर आहे.

म्हणजे हरिसिंगानं चालायचं.

हे ऐकून सुखीबाई खाटेवर इतकी हसली की टाके दुखले. मी तिथंच बसलो होतो. मला म्हणाली, "भाऊ, या मानसाले चपला शोधता शोधता दम लागते." पण हसून झाल्यावर ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडून राहिली, ते त्यानंही पाहिलं आणि मीही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालून रस्त्यावर आला.

आता याची तब्येत सांगतो. उजवा गुडघा जुना दुखरा. तोही कसा दुखावला, तर चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून फुकट प्रवास संपवून उतरताना. शिवाय सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नसे, तासभर चवड्यावर चालायचा, एखादा चोर पावलांचा आवाज चुकवतो तसा. सुखीबाईला तपासणीला नेलं तेव्हा शामनं यालाही डॉक्टरांपुढं बसवलं. फोटो काढला. गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, पण एकदम नाही, थोडं थोडं वाढवा, आणि मांडीचे स्नायू आधी मजबूत करा. व्यायाम शिकवायला त्यांनी निकिताकडं पाठवलं. निकिता आमच्याच गावची पोरगी, त्याच दवाखान्यात असते. तिनं त्याला उताणं निजवून, घोट्याला वजनाची पिशवी बांधून, पाय सरळ वर उचलायला शिकवलं. चालण्याबद्दल तिनं एकच मोठी गोष्ट सांगितली. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागून बोलणं तुटलं, की चाल जास्त झाली असं समजा. आणि गुडघा सुजला की दुसऱ्या दिवशी अर्धंच चाला, हट्ट करू नका.

व्यायाम चांगला जमला. संध्याकाळी अंगणात दोन खाटा शेजारी शेजारी टाकत. एकीवर सुखीबाई खुब्याचा व्यायाम करायची, दुसरीवर हरिसिंग तुरीच्या डाळीची पिशवी बांधून पाय उचलायचा. दोघांत चढाओढ लागायची. तिचा पाय वर असेल तोवर हा आपला खाली आणत नसे. तांड्यातली लेकरं पाहायला जमायची. मीही कधी कधी मुद्दाम त्या वेळेला चहाला जात असे, खोटं कशाला सांगू.

चालणं मात्र जमेना. पहिल्या दिवशी सकाळी निघाला, नाल्याच्या पुलापर्यंत पोचला नाही तोच एक जण थांबला. याला म्हणवेना की मी नुसताच चाललो आहे. नुसतं चालायला डोकं फिरलं आहे का, असं विचारतील. बसला. घाटंजीत उतरला, चहा घेतला, परत निघाला, तर दुसऱ्यानं उचलून तांड्यात आणून सोडला. त्या पहिल्या आठवड्यात हा इतका फिरला की टेम्पोतही तेवढा फिरला नसेल. सुखीबाई रोज विचारायची, किती चालले. हा म्हणायचा, घाटंजीपर्यंत. ते खोटंही नव्हतं.

मग त्यानं युक्त्या काढल्या. हातात डबा घेतला, तर लोक म्हणाले डबा मधात धरा. खांद्यावर वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेतला, तो गाडीवर मावत नसे, पण त्या ओझ्यानं गुडघा बोंबलला. मग गाडीचा आवाज आला की लपायला बांधाआड जायचा, नाहीतर इतका जोरात चालायचा की गाडीवाल्याला वाटावं याला घाई आहे. त्या पळापळीनं गुडघा फुगून कलिंगड झाला. सगळ्या गावानं औषधं सांगितली. कुणी एरंडाचं पान गरम करून बांध म्हणालं, कुणी निरगुडीचा शेक. शेजारची बिजलीबाई तर बिब्बा तापवूनच आली होती, निकिताचा फोन वेळेवर आला म्हणून कातडी वाचली. निकितानं फोनवरच दटावलं, आठ दिवस रस्ता बंद, फक्त खाटेवरचा व्यायाम. हरिसिंग खाटेवर पडून आढ्याकडं बघत राहिला. रामनवमी काही त्याच्यासाठी पुढं सरकणार नव्हती.

त्याच दिवसांत जनावरांचे डॉक्टर तांड्यात आले होते. हरिसिंगाचा एक म्हातारा बैल आहे. पाठीवरून पोटाखाली पांढरा पट्टा, म्हणून नाव हवालदार. जोडीदार मेल्यापासून जुंपत नाहीत, गोठ्यात उभा राहून राहून मागचा पाय आखडला होता. डॉक्टर म्हणाले, बांधून ठेवू नका, रोज थोडं फिरवा, हळूहळू वाढवा. हरिसिंग म्हणतो, ते ऐकून मला वाटलं निकिताच बोलते आहे.

झालं. गुडघा उतरल्यावर तो रस्त्यावर आला तो हवालदाराचा कासरा धरून. आणि काय सांगू, एकही गाडी थांबेना. बैल सोबत असला की माणसाला काम असतं, आणि बैलाला मोटरसायकलवर बसवता येत नाही. हरिसिंग त्या दिवशी परत आला तेव्हा लग्न ठरल्यासारखा चेहरा होता.

हवालदाराची चाल म्हणजे काय, ते पाहायलाच पाहिजे. दहा-वीस पावलं टाकायची, मग गवताचा बुडखा दिसला की थांबायचं. कडुनिंबाच्या सावलीत थांबायचंच. मागून कितीही मोठा ट्रक येऊन वाजवो, त्याच्या चालीत फरक पडत नाही. मी एकदा सोबत करावी म्हणून लुना घेऊन गेलो, पण त्या चालीवर लुना उभी राहत नाही, पडते. दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी घरी आलो.

आणि हरिसिंग त्याच्याशी सारखा बोलायचा. तुरीला भाव काय, शामचं टायर कसं फुटलं, लेकीचे सासरे कसे आहेत, सगळं बैलाला सांगत चालायचा. म्हणजे निकितानं जसं सांगितलं तसंच झालं, गप्पा मारत चाल. सूज आली नाही. टाचेचंही दुखणं कमी झालं. फक्त बाजाराच्या दिवशी पंचाईत व्हायची. जनावरांचे व्यापारी रस्त्यात अडवायचे. एकानं तर सलग तीन बाजार पाठ सोडली नाही. शेवटी हरिसिंगानं सांगून टाकलं, "इकाले नाही, फिरवाले आनलं याले." व्यापाऱ्यानं आधी बैलाकडं पाहिलं, मग हरिसिंगाकडं, आणि नंतर घाटंजीभर पसरलं की तांड्यातले राठोड बावा बायकोच्या आजारपणानं खचले, बैलाला हवा खायला नेतात. माझ्या घरी दोन माणसं खरं-खोटं विचारायला आली. मी म्हटलं, अगदी खरं आहे, आणि आता बैलाला पोहरादेवीच्या यात्रेसाठी तयार करून राह्यले.

होळीपर्यंत दोघं घाटंजीला जाऊन येऊ लागले. निकितानं गुडघा दाबून पाहिला, खूश झाली. चाल कोण ठरवतं विचारलं, तर हा म्हणाला हवालदार. तिला वाटलं कुणी रिटायर झालेले पोलीस शेजारी असतील. म्हणाली, त्यांनाही एकदा दाखवायला आणा, त्यांचंही वय असेल. हरिसिंग म्हणाला, त्याचे दात गेले, बाकी बरा आहे.

शामनं बापाला पांढरे बूट आणले होते. पोलीस भरतीच्या पोरांचे असतात तसे. निकितानं बजावलं होतं की रोज थोडे घालून मऊ करून घ्या. पण आमच्या पिढीचा माणूस देवाच्या कामाचे नवे बूट वावराच्या धुळीत कसे घालील? त्यानं ते डब्यात ठेवले आणि सगळी तयारी टायरच्या चपलांवर केली. हवालदाराला यात्रेत न्यायचं म्हणून तो शामपुढं दोन दिवस अडून बसला, पण चैत्राचं ऊन आणि म्हाताऱ्या बैलाला वाटेत पाणी कुठून पाजायचं, म्हणून तो बेत मोडला. निघायच्या दिवशी टिळा लावला, झेंड्यापुढं नारळ फुटला, आणि हरिसिंगानं धोतरावर पांढरे बूट चढवले. सुखीबाई टेम्पोत, त्याच्याच तांदळाच्या कट्ट्यावर, उशी टाकून बसली. मी तिच्यासमोर पाण्याच्या टाकीवर. मला कुणी विचारलं तर सांगत होतो, वहिनींच्या सोबतीला आलो.

आता तांड्याची रीत सांगतो. झेंड्यापुढं नारळ फोडून निघालेल्या माणसानं पोचेपर्यंत गाडीला बूड लावायचं नाही. लावलं, तर जिथून चढला तिथून परत चालत यायचं. नाहीतर ती फेरी नवसात धरत नाहीत.

पहिल्या दिवशी हरिसिंग पोरांच्या घोळक्यात सापडला. पोरांच्या खांद्यावर गाणी वाजवायचा डबा, त्या तालावर चाल. हवालदार नाही, कडुनिंबाला थांबायचं नाही. पोरं म्हणाली, काका जोरात आहेत, आणि काका फुगले. मुक्कामाला बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांवर बोराएवढे फोड. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून, जुन्या चपला घालून निघाला, तर फोड वाचवायला वाकडं पाऊल टाकू लागला आणि संध्याकाळी आर्णीच्या पुढं गुडघा सुजला. सुखीबाई त्या दिवशी सकाळपर्यंत टेम्पोतून त्याची मजा घेत होती, कट्टा रिकामा आहे, येता का, असं विचारत होती. संध्याकाळी त्याचा पाय पाहिला. ओला फडका गुडघ्यावर बांधून दिला, एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे काय, हे चाळीस वर्षांच्या येण्याजाण्यानं मला कळतं.

तिसऱ्या दिवशी झेंडा पुढं गेला आणि हरिसिंग मागं एकटा राहिला. टेम्पो आणि सगळा तांडा दिग्रसच्या अलीकडं एका आमराईत जेवणासाठी थांबला. सुखीबाई रस्त्याकडं डोळे लावून बसली होती. मी तिला धीर द्यायला म्हणालो, की वहिनी, विहिरीला आता पाणी लागलं ते काही परत जात नाही.

ती म्हणाली, "विहिरीचं मले काही नाही, भाऊ. पन मी शब्द देलता."

एवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल दिसली. चालवत होते अमरसिंग पवार, हरिसिंगाचे इवाई, म्हणजे त्याच्या लेकीचे, संगीताचे सासरे. त्यांचा तांडा दिग्रसजवळ. यात्रेला ताकाचा डबा घेऊन आले होते. आणि त्यांच्या मागं, चपला हातात, ताकाचा डबा मांडीवर, एकदम सुखात, हरिसिंग.

झालं असं होतं, की वाटेत हा लंगडत चाललेला दिसल्यावर अमरसिंगांनी गाडी थांबवून "बसा इवाई" म्हटलं. आणि लेकीच्या सासऱ्याला हरिसिंगानं संगीताच्या लग्नापासून कधी नाही म्हटलेलं नाही. त्यांनी चौथी भाकर वाढा म्हटलं तरी हा खातो. शिवाय साठ वर्षांची सवय. कुणी बसा म्हटलं की याचं अंग आपोआप बसतं, डोकं मागून येतं. डोकं आलं ते आमराईत, सुखीबाईचं तोंड पाहिल्यावर. तो गाडीवरून उतरला आणि जणू अजून बसलेलाच असावा असा वाकून उभा राहिला.

सगळी पंगत थांबली. पोरं म्हणाली, जाऊ द्या काका, देवीला समजते. शामही म्हणाला, बाबा, पाय पाहा तुमचा, बस करा. बसंतीबाई भाताचा घास कालवत राहिली. सुखीबाई त्याच्याकडं नाही, त्याच्या गुडघ्याकडं पाहत होती. तिनं बस म्हटलं असतं तर तो बसला असता. तिनं जा म्हटलं असतं तर गेला असता.

हरिसिंगानं ताक प्यायलं. मिशी पुसली. मग विचारलं, "इवाई, मी कुठी बसलो, बाभळीपाशी का पुलापाशी?"

अमरसिंग बिचारे घाबरून गेले होते. रीत त्यांना आता आठवली होती. पाहुण्याचे कष्ट वाचावे म्हणून त्यांनी जवळची बाभूळ सांगितली.

"नाही," हरिसिंग म्हणाला, "पुलापाशी. तिथी मी चपला काढल्या होत्या."

आता पुलापर्यंत मागं जायचं कसं, यावर आमराईत मोठा वाद झाला. चालत गेला तर गुडघ्याचं दुप्पट मरण. गाडीवर गेला तर पुन्हा गाडीला बूड. बसंतीबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि निकाल दिला की मागं जाणं म्हणजे जाणं नव्हे, त्याला गाडी चालते. इतका हुशार निकाल मी कोणत्याही कोर्टात ऐकलेला नाही.

अमरसिंग त्याला घेऊन गेले. आम्ही वाट पाहत बसलो. भांडी घासून झाली, झेंडा पुढं निघून गेला, टेम्पो आणि आम्ही तिघं उरलो. ऊन कलू लागलं तेव्हा दूर रस्त्यावर काहीतरी दिसलं. दोन माणसं आणि मध्ये मोटरसायकल. बंद. अमरसिंग हॅन्डल धरून ढकलत होते.

त्यांनी नंतर सांगितलं. इवायाला उन्हात एकटं टाकून जाववेना. सोबत गाडी चालवावी तर त्या चालीवर गाडी पडते. मला हे सांगायची गरज नव्हती, माझी लुना तेच म्हणत होती. मग ते उतरले आणि ढकलू लागले. जड गाडी, वरून चढाव, त्यांचंही वय. दहा-वीस पावलं ढकलायची आणि थांबायचं. सावली दिसली की थांबायचंच. आणि दुसऱ्या बाजूनं हरिसिंग, एक हात सीटवर ठेवून, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, संथ चाललेला. लंगडणं कमी झालेलं. तोंड सारखं सुरू. तुरीचा भाव अमरसिंगांना ऐकू आला असेल, कारण मान हलवत होते.

सुखीबाई कट्ट्यावरून पुढं वाकली. कालपासून पहिल्यांदा तिचे दात दिसले. म्हणाली, "भाऊ, पाहा. हवालदार भेटला त्यायले."

अमरसिंग तिथून घरी परतणार होते. हरिसिंगानं गाडीची सीट सोडलीच नाही. लेकीच्या सासऱ्याला नाही म्हणता येत नाही तसं लेकीच्या बापालाही म्हणता येत नाही, आणि गाडीवर बसवल्याचं ओझं त्यांच्याही मनावर होतं. मग काय, अमरसिंगांनी घरी फोन केला की मी पोहरादेवीला चाललो, आणि मोटरसायकल ढकलत निघाले. पेट्रोलची टाकी भरलेली. वाटेत दर मैलाला कुणी ना कुणी थांबायचं, पेट्रोल संपलं काय विचारायचं. एका पोरानं तर ऐकलंच नाही, बाटली काढून ओतायला लागला. अमरसिंगांनी टाकी उघडून दाखवली तेव्हा त्यानं दोघांकडं असं पाहिलं, की बाजारातल्या त्या व्यापाऱ्याची मला आठवण झाली. टेम्पो त्यांच्या मागं मागं पहिल्या गिअरमध्ये रांगत होता. शाम वैतागला होता. सुखीबाईनं त्याला सांगितलं की तुला घाई असेल तर उतर आणि चाल.

मुक्काम चुकले, वेळा चुकल्या, पण गुडघा पुन्हा सुजला नाही. तांडा आदल्या दिवशी पोचला, आमची वरात रामनवमीला दुपार टळल्यावर. बसंतीबाईनं सुखीबाईच्या नावाचा नारळ तसाच ठेवला होता, कुणाला फोडू दिला नव्हता.

टेम्पो गर्दीच्या अलीकडंच थांबवावा लागला. तिथून झेंड्यापर्यंत थोडीच वाट. सुखीबाईनं वॉकर मागितला. शाम म्हणाला, खुर्चीवर उचलून नेतो, तर त्याच्याकडं पाहिलंही नाही. उतरली, वॉकर टेकला, एक पाऊल टाकलं, थांबली. हरिसिंग शेजारी. जन्मात पहिल्यांदा तो या बाईच्या पुढं राहिला असता, सहज राहिला असता. पण हवालदारासोबत तीन महिने काढलेला माणूस, त्याला थांबायचं कसं ते येत होतं. ती थांबली की हा थांबायचा. वॉकर उचलला की पाऊल टाकायचा. गर्दीतली माणसं वाट देत होती.

झेंड्यापाशी त्यानं नारळ तिच्या हातात दिला. ती म्हणाली तुम्ही फोडा, चालले तुम्ही. तो म्हणाला, "नवस कोनाचा?" तिनं फोडला. पहिल्याच दणक्यात. मग तुपा-गुळाचा भोग लागला, धूर डोळ्यांत गेला, आणि त्या धुरामुळे दोघंही डोळे पुसत होते, असं त्या दोघांनी मला सांगितलं. मी मानलं.

अमरसिंग परत जाताना मात्र मोटरसायकलवर बसून, सुसाट गेले. हरिसिंग टेम्पोत, कट्ट्यावर. सुखीबाई म्हणाली, जरा सरका. सरकला.

विहिरीचं विचाराल तर वैशाखात पाणी जेवढं उतरतं तेवढं यंदाही उतरलं, आणि मोटर पूर्वीसारखीच चालली. पण तांड्यात परतल्यावर पहिल्या संध्याकाळी वेगळीच भानगड झाली. आठवडाभर फिरायला न मिळालेला हवालदार गोठ्यातून ओरडायला लागला. ठरलेल्या वेळेला फाटकाकडं तोंड करून ओरडतो, कासरा सोडल्याशिवाय चूप होत नाही. नवस फिटला तरी हरिसिंगाची सुटका नाही. आता सुखीबाईही वॉकर सोडून काठीवर आली आहे, नाल्याच्या पुलापर्यंत सोबत जाते. तिघांची एकच चाल. कुणाचा तरी एक पाय आखडलेला असतोच, रोज कुणाचा ते बदलतं.

मी लुनानं घाटंजीहून येताना पुलावर मुद्दाम ब्रेक लावतो आणि विचारतो, बसता काय गा?

हरिसिंग बैलाच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आधी हवालदाराले विचार."